वसुबारसेच्या फोटोतली गाय

अदलिया, बहरीन
५ नोव्हेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

फोन केला असता, पण आपल्या फोनवर आई, तू आणि मागची मालिका अशा तिघी मिळून उत्तरं देता. म्हणून कागदावर लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोय, तूही तसंच कर. तू गाईंची डॉक्टर म्हणून निवृत्त झालीस आणि मी तुझ्या गोठ्याच्या गोष्टी जन्मभर एका कानाने ऐकल्या. त्याची फळं आता भोगतोय.

झालंय असं की आमच्या साहेबांना नुमान नावाचे एक बहरीनी गृहस्थ भेटले. बुदैया रस्त्याला त्यांचा फार्म आहे. चाळीसेक गाई, काळ्याभोर, बिनशिंगाच्या, जहाजाने आणलेल्या. गाई वेळेवर माजावर येत नाहीत, आल्या तरी कोणाला कळत नाही. आमची कंपनी शीतगोदामांत तापमान मोजायची यंत्रं बसवते. साहेबांनी विचार केला, गोदाम काय नि गाय काय, मोजायचंच तर आहे. तर आता गाईंच्या गळ्यात पट्टे आहेत. पट्टा हालचाल मोजतो, रवंथ मोजतो. माजावरची गाय जास्त फिरते, कमी खाते, लगेच माझ्या फोनवर निरोप येतो आणि मी कृत्रिम रेतन करून गाई भरवणाऱ्या माणसाला बोलावतो. सांगायला किती सोपं.

फोन गप्प आहे गं. अगदीच गप्प नाही म्हणा. पाण्याचा टँकर आला की सगळ्या गाई तिकडे धावतात आणि एकदम सगळ्यांचे निरोप येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्या माणसाला अर्ध्या जेवणावरून उठवून आणला. तो आला, गाई बघितल्या, म्हणाला ‘मफी’, आणि निघून गेला. नाही म्हणजे नाही.

नुमान म्हणतात पट्टे खराब आहेत. मी म्हणतो पट्टे ठीक आहेत, गाईच गप्प आहेत. त्यांनी जूनपर्यंत मुदत दिलीय. तोवर निम्म्याहून जास्त गाई गाभण राहिल्या नाहीत तर पट्टे उतरवा, खलास. आणि हे काम गेलं तर माझा विभागच बंद करू असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय. विभाग गेला की व्हिसा गेला. लेकीचं दहावीचं वर्ष आहे, तुमची सून कस्तुरी रात्रंदिवस त्याच काळजीत असते.

काहीतरी उपाय सांग. वसुबारसेला पाठवलेला फोटो आईला आवडला म्हणे. फार्मवरचीच गाय आणि तिचं वासरू. चांगली दुभती आहे, सांग तिला.

गुरु


कराड
९ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुप्रसाद,

आवडला? वहिनींनी तो फोटो मोठा करून छापून आणलाय. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी नैवेद्याला ठेवली. आमच्या इमारतीत गाय चढत नाही, म्हणून दरवर्षी पितळेच्या गाईची पूजा व्हायची, यंदा खरीच भेटली म्हणून बाई खूश आहेत. गाईचं नाव ‘काळी’ ठेवलंय. सकाळी उठल्यावर आधी ‘काळी कशी आहे’ आणि मग ‘गुरु कसा आहे’, असा क्रम चाललाय. तुझं पत्र आलं की मला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, हे ध्यानात ठेवून लिहीत जा.

आता कामाचं. पट्टा ढिला असेल तर नुसता लोंबकळतो, दोन बोटं जातील एवढाच बांधा. क्षारांचं मिश्रण चालू करा. सावली आणि पंखे हवेत, तुझ्या त्या वाळवंटात गाय दिवसा माज दाखवायची नाही. पहाटे आणि दिवेलागणीला माणूस गोठ्यात हवा, यंत्रावर सगळं सोडू नका. गाय दुसरीवर चढते का, चिकट स्राव दिसतो का, हे डोळ्यांनीच बघायचं असतं.

आणि दूध किती देतात ते कळव. दूध कळल्याशिवाय गाईचं काही सांगता येत नाही. फोटोत कास नीट दिसत नाही.

आत्या


अदलिया
२० डिसेंबर २०२४

आत्या,

तू सांगितलेलं सगळं केलं. पट्टे आवळले. रुपेशने आवळले म्हणजे. रुपेश आमचा तंत्रज्ञ, वर्ध्याचा, सर्किटमधला हुशार माणूस, पण गाईला घाबरतो. कुंपणाबाहेरून हात लांब करून पट्टा बांधतो आणि मधेच गाय शिंकली की पळतो. पंखे लावले, क्षार चालू केले. पहाटे मी स्वतः जाऊन बसतो. कस्तुरी म्हणते, लग्नानंतर माझ्यासाठी कधी इतक्या लवकर उठला नाहीस.

फरक शून्य. महिन्याभरात दोन गाई माजावर आल्या, त्यातली एक भरवूनही उलटली, गाभण राहिली नाही. बाकीच्या नुसत्या उभ्या. काळीही नुसतीच उभी. तिचा पट्टा दोनदा बदलला. नुमान येतात, माझ्या फोनकडे बघतात, गाईंकडे बघतात, ‘इंशाल्ला’ म्हणतात. त्या एका शब्दात हो असतं, नाही असतं आणि तुझं काही खरं नाही हेही असतं.

दुधाचं विचारलंस. ते मोजायचं काम माझ्याकडे नाही. आणखी काही सुचत असेल तर लवकर लिही. साहेब रोज विचारतात आणि माझ्याकडे रोज तेच उत्तर असतं.

गुरु


कराड
२८ डिसेंबर २०२४

चि. गुरु,

दूध किती?

मी विचारते एक आणि तू पंख्यांची वर्णनं पाठवतोस. चाळीस गाईंचा गोठा आहे, तिथे रोज जातोस, पहाटे बसतोस आणि एका गाईचं दूध किती हे तुला माहीत नाही? धार काढताना कधी बघितली असशीलच ना? सकाळी किती वाजता काढतात? यंत्राने की हाताने? सड कसे आहेत? एवढ्या चार गोष्टी लिही, मग पुढचं बघू.

वहिनी म्हणतात, त्याला कशाला टोचता, आधीच बिचारा काळजीत आहे. मी टोचत नाही. मी डॉक्टर आहे. निदान एवढ्या दुरून करायचं तर निदान खरी माहिती तरी द्या.

वहिनींनी काळीला घुंगुरमाळ घेतलीय. शेजारच्यांचा प्रशांत सुट्टी संपवून तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतायत. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, ‘तुम्हाला काय कळतं वन्सं, तुम्ही फक्त इंजेक्शनं टोचलीत.’ पस्तीस वर्षांच्या नोकरीची ही किंमत.

आत्या


अदलिया
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. काहीतरी मनाचं वाच.

प्रशांत नईमला राहतो, त्याच्याकडून काल घुंगुरमाळ आणली. लाल गोंडे, पितळेचे घुंगरू, आईने प्रत्येक घुंगरू चिंचेने घासलेला दिसतोय. ती गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली आणि सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपपर्यंत वाजत राहिली. तिथे रुपेशने विचारलं, हे कोणासाठी. सांगितलं. तो म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही डॉक्टरला आजार लपवून औषध मागताय.’

तर ऐक. या गाई दुधाच्या नाहीत. मांसाच्या आहेत. यांची धार कोणी काढत नाही, काढायचीच नसते. वासरू आईबरोबर राहतं, वाढतं, आणि मोठं झालं की विकलं जातं. कशासाठी ते तुला कळलं असेल. जूनमध्ये बकरी ईद आहे. त्याच्या आधी ज्या गाई गाभण नसतील त्या ट्रकमध्ये जाणार, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. आत्ताच्या हिशेबाने काळीसुद्धा त्यात आहे.

मी ठरवून खोटं बोललो नाही गं. वसुबारसेला आईने व्हिडिओ कॉलवर गाय-वासराचा फोटो मागितला तेव्हा मी फार्मवरच उभा होतो, समोर गाय होती, काढला आणि पाठवला. आईने विचारलं दुभती आहे का, मी हो म्हटलं. वासराला पुरतं एवढं दूध असतंच की. मग तिने हळदकुंकू वाहिलं. हळदकुंकू वाहिल्यावर कसं सांगू?

आता तू काय म्हणायचं ते म्हण. पण उपाय असेल तर आधी उपाय लिही.

गुरु


कराड
१४ फेब्रुवारी २०२५

गुरु,

मूर्खा. गाढवा. आणखी शब्द आहेत, पण कागद चांगला आहे.

वासरं दिवसरात्र आईला लुचतायत आणि तू मला पंख्यांचं सांगतोस? अरे, वासरू जोवर मनात येईल तेव्हा सडाला तोंड लावतं तोवर गाईच्या अंगाला वाटतं, आपलं मूल अजून लहान आहे. ती माजावर येत नाही. आली तरी इतक्या हळू येते की तुझा पट्टा काय, मीही ओळखणार नाही. पट्टे ठीक आहेत. गाईही ठीक आहेत. तू ठीक नाहीस.

आणि आता माझं ऐक. मला पहिल्या फोटोतच कळलं होतं. मुठीएवढी कास, पाठ पाटासारखी रुंद, बिनशिंगाची. ही दुधाची गाय नाही हे माझा शिपाईसुद्धा सांगेल. मी वाट बघत होते तू कधी सांगतोस. ‘कास दिसत नाही’ लिहिलं, ‘दूध किती’ म्हणून डिवचत राहिले. ‘वासरं कुठे असतात’ एवढं विचारलं असतं तर नोव्हेंबरातच सुटलं असतं, आणि मी ते मुद्दाम विचारलं नाही. मला राग आला होता. मांस हा शब्द ऐकून आत्याला घेरी येईल असं वाटलं ना तुला? मी नोकरीत हजारो गाई भरवल्या. त्यांना निम्मे खोंड झाले. त्या खोंडांचं पुढे काय झालं हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. तर मला सोवळ्यात बसवू नकोस. तीन महिने वाया गेले, अर्धे तुझे, अर्धे माझे.

उपाय. वासरं वेगळ्या आवारात. सकाळी आणि संध्याकाळी आईकडे सोडायची, पोटभर पिऊ द्यायची, परत आत. वासरं आता खाती झालीत, उपाशी मरणार नाहीत. दोन दिवस हंबरून जीव नकोसा करतील. मग शांत होतील, आणि मग तुझा फोन वाजेल.

वहिनींना मी तुझ्या पत्राऐवजी बहरीनच्या हवामानाची माहिती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, हल्ली फार कोरडं लिहितो.

आत्या


अदलिया
३ मार्च २०२५

आत्या,

शिव्या पोचल्या. तुझ्याही अर्ध्या आहेत हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला. तुला माहीत होतं. मी इथे पहाटे गाईंसमोर खुर्ची टाकून बसत होतो आणि तुला माहीत होतं. असो.

नुमाननी नाही म्हणून सांगितलं. मी आलेख दाखवले, तुझं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, वासराला आईपासून तोडायचं नाही, आमच्या आजोबांनीही कधी तोडलं नाही. मी वैतागलो. म्हटलं, साहेब, शेवटी तुम्ही यांना कापणारच आहात ना? ते शांतपणे म्हणाले, ‘कापतो. रडवत नाही.’

मी गाडीकडे गेलो, दार उघडलं तर घुंगुरमाळ सीटवरून खाली पडून वाजली. ते मागे आलेच होते. विचारलं, हे काय. मग मी सगळंच सांगितलं. आईने त्यांच्या गाईची पूजा केली, नाव ठेवलं, ही माळ पाठवली. वसुबारस म्हणजे काय ते सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरच्या बायका दूधतूप खात नाहीत, त्या दिवशीचं दूध वासराचं, म्हणून.

त्यांनी विचारलं, ‘एकच दिवस?’

हो म्हटलं. ते हसले, मग हसायचे थांबले. माळ हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, तुझ्या आत्याला विचार, मधे नुसतं कुंपण चालेल का, आईला वासरू दिसेल, चाटता येईल असं. तेवढं चालत असेल तर कर. आणि दोन वेळा पोट भरलंच पाहिजे, मी स्वतः बघायला येणार.

रमजान सुरू झालाय. दिवसभर उपास करून माणूस खरंच वासरांच्या वेळेला येऊन उभा राहतो. चालेल का कुंपण?

गुरु


कराड
५ मार्च २०२५

चि. गुरु,

वासरू नजरेआड असलं तर जास्त गुण येतो. पण मालक एवढा वाकलाय तर कुंपण घाला. अजिबात नसण्यापेक्षा बरं. दांडे जवळजवळ लावा.

माझ्या सगळ्या नोकरीत एकाही गोठेवाल्याने मला विचारलं नाही, वासराचं पोट भरलं का. तुझ्या नुमानना माझा नमस्कार सांग. हे मी खोचक लिहीत नाहीये.

आत्या


अदलिया
२ एप्रिल २०२५

आत्या,

वाजला.

पहिले काही दिवस गाई हंबरून हंबरून नुसता गोंधळ. शेजारच्या फार्मवाल्याने तक्रार केली. मग शांत झाल्या, आणि रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात नुमानच्या अंगणात सगळे रोजा सोडायला बसले असताना फोन वाजला. मी आणि रुपेश पाहुणे म्हणून होतो. खजूर तोंडात होता. वाटलं टँकर आला. पण टँकर नव्हता. एक गाय, मग दुसरी, संध्याकाळ संपेपर्यंत पाच. नुमान फोन हातात घेऊन सगळ्या नातेवाइकांना दाखवत होते. ‘यल्ला, यल्ला’ करत स्वतः गाई भरवणाऱ्याला आणायला गाडी घेऊन गेले. त्यानंतर रोज कोणीतरी असतंच. रुपेशसुद्धा आता गोठ्यात उतरतो, फक्त मागच्या बाजूने जात नाही.

काळी नाही. तिचा आलेख सरळ रेषा. पट्टा पुन्हा बदलला. नुमान म्हणतात एका गाईने काय होतं, काम तर झालं. खरं आहे, तिच्या एकटीवाचून माझं काम अडणार नाही. आई मात्र काल फोनवर विचारत होती, काळीला माळ कशी दिसते.

गुरु


कराड
४ एप्रिल २०२५

गुरु,

पट्टा बदलायचं वेड आता सोड. पट्ट्याकडे नको, वासराकडे बघ. दिवसभर एक माणूस त्या कुंपणाशी बसवा. सगळ्यांना गुण आला आणि एकीलाच नाही, म्हणजे तिचं वासरू काहीतरी उद्योग करतंय.

आणि काळी वाचली पाहिजे. काम झालं तरी. या घरात मला राहायचंय.

आत्या


अदलिया
९ एप्रिल २०२५

आत्या,

रुपेश बसला होता. दुपारी सगळं सामसूम झालं की काळी कुंपणाला कास टेकवून आडवी उभी राहते आणि तिचा खोंड दांड्यांमधून मान तिरकी करून पितो. पोट भरलं की लांब जाऊन शहाण्यासारखा बसतो. महिनाभर दोघांनी मिळून सगळ्यांना गंडवलं. रुपेश म्हणाला, भाऊ, मी शिट्टी मारली तर काळीने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो.

त्या खोंडाला पलीकडे खजुरीच्या बागेत हलवलंय. नुमानना पसंत नव्हतं, पण नाहीतर काळी ट्रकमध्ये जाईल म्हटल्यावर हो म्हणाले. आता दिवस पुरतात का बघायचं. जूनच्या सुरुवातीला सोनोग्राफी आहे.

गुरु


अदलिया
३ जून २०२५

आत्या,

आज डॉक्टर आतिका येऊन गेल्या. इथल्या पशुवैद्य, तुझ्याइतक्याच कमी बोलतात. बहुतेक गाई गाभण आहेत. कंत्राट वाढवलं, साहेबांनी पाठीवर थाप मारली, कस्तुरीने रडून घेतलं. काळी एप्रिलअखेर एकदाच माजावर आली होती, तेव्हा भरवली. आज तिच्यावर यंत्र धरलं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी आतून एवढंच सांगितलं, ‘आहे.’

तू आईला ही बातमी सांग. नाच म्हणावं.

पुढचं तुझ्यापुरतं. संध्याकाळी ट्रक आला. ज्या थोड्या गाई रिकाम्या होत्या त्या चढवल्या. वासरांतले मोठे खोंडही चढवले. त्यात काळीचा होता. फोटोतला. मला माहीत होतं हे होणार, पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी मी तिथे मूर्खासारखा उभा राहून नुमानना विचारलं, हा राहिला तर नाही का चालणार? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सगळा हिवाळा त्याच्या आईला वाचवायला धावत होतो. त्यासाठी त्याला तिच्यापासून लांब मीच करायला लावलं. शेवटचे दोन महिने त्याला तिच्याजवळ मिळाले असते, तेही मिळू दिले नाहीत.

घुंगुरमाळ अजून माझ्या गाडीत आहे. आईला सांग काळीच्या गळ्यात आहे.

गुरु


कराड
५ जून २०२५

चि. गुरु,

वहिनी नाचल्या नाहीत, पण शेजारी पेढे वाटले.

बाकीचं वाचलं. दोन वेळा पोटभर प्यायला तो, विसरू नकोस. उगाच काहीतरी लिहायचं माझं वय राहिलेलं नाही. माळ काळीला बांध. खोटं एक तरी कमी होईल.

आत्या


अदलिया
१२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

माळ बांधली होती, चार दिवस पट्ट्याने वेडेवाकडे निरोप पाठवले, मग रुपेशने काढून गोठ्याच्या दारावर टांगली. नुमान येता-जाता वाजवतात.

आता नवीनच. वसुबारस शुक्रवारी आहे. आईने फोटो मागितलाय. काळी आणि तिचं वासरू, दोघं एका फोटोत, आणि ‘आता केवढा झाला असेल’ असंही वर. काळी पोट पुढे काढून फिरतेय, तिचा एकटीचा फोटो पाठवू? की दुसरं कोणतं तरी वासरू शेजारी उभं करू? कस्तुरी म्हणते आणखी एक खोटं बोललास तर मीच फोन करून सगळं सांगेन. माझं डोकं चालत नाही. तू सांगशील तसं करतो.

गुरु


कराड
२१ ऑक्टोबर २०२५

चि. गुरु,

तू काहीच पाठवलं नाहीस, ते बरं केलंस. मीच सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनींनी पाट मांडला, निरांजन लावलं, आणि फोटो आला का म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. मला खोटं बोलून कंटाळा आला होता. हवामान वाचायचा तर फारच कंटाळा आला होता. मी समोर बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. गाई कशाच्या, वासरू कुठे गेलं, तू किती धावलास, नुमान काय म्हणाले, मी काय लपवलं. मला वाटलं आता पाट उचलतील, निरांजन विझवतील, तुला फोन लावतील. माझी तयारी होती.

त्यांनी पाट नुसता सरळ केला. मग विचारलं, ‘तिथे वासरू किती दिवस पितं आईचं?’

मी म्हटलं, नऊ महिने तरी.

‘आणि आपल्या दूधवाल्याकडे?’

गुरु, मी पस्तीस वर्षं याच कामात घालवली. कोणत्या गोठ्यात वासराला किती धार सोडतात, खोंड असला तर किती, कालवड असली तर किती, मला तोंडपाठ आहे. मी निरांजनात तूप घालायला लागले. वहिनींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीचाच फोटो काढला, पाटावर ठेवला, आणि आधी वासराला हळदकुंकू वाहिलं, मग काळीला.

त्या दिवशी दूध घ्यायचं नसतंच, म्हणून कोऱ्या चहाचं मला काही वाटलं नाही. शनिवारी सकाळीही कोराच चहा पुढे आला. रविवारीही. आज लक्ष्मीपूजनाला मी म्हटलं, वहिनी, वसुबारस एक दिवसाची असते. तर म्हणाल्या, ‘वासराची भूक एक दिवसाची असते का वन्सं?’

दूधवाल्याला पिशवी टाकू नकोस म्हणून सांगून टाकलंय. माझा चहा मी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन पिते, आणि तिथेही तो पूर्वीसारखा लागत नाही. याला जबाबदार तू आहेस. काळी व्याली की वासराचा फोटो पाठव, वहिनींनी पाट अजून उचललेला नाही.

आत्या